चंदू घरी येतो ते पान

वाघोडिया
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामाआजोबा,

कसे आहात? मी मजेत. बाबा उद्या पाणीगेटला मसाले आणायला येणार आहे, तिथून तुमच्याकडे मांजलपूरला येईल. थैलीत तीन पुस्तकं परत पाठवते आहे. तुमचा नियम लक्षात आहे: पुस्तक एकटं परत यायचं नाही, बरोबर पत्र पाहिजे, कुठलं आवडलं आणि का आवडलं. आई म्हणते, "हातात फोन आहे, मामांना काय एकेक हौस!" मितालीला शाळेत सांगितलं तर ती म्हणाली, "तारा दादा कया जमानाना छे?" मी म्हटलं, ते दादा म्हणजे सख्खे आजोबा नाहीत, माझ्या आजीचे भाऊ आहेत, आणि ते बरोबर जमान्याचे आहेत.

आता नंबर. तिसरा नंबर 'बंद दुकानातलं भूत'. ते भूत गिऱ्हाइकांना घाबरतं, म्हणून आवडलं. मीपण नवीन टीचरना घाबरते आणि त्यांना वाटतं मी शिष्ट आहे. दुसरा नंबर 'तारेवरची साळुंकी'. तिला तारेतून सगळ्यांच्या बातम्या ऐकू येतात पण तिचं कोणी ऐकत नाही. माझं घरात तसंच होतं. आई-बाबा हळू बोलतात ते मला सगळं ऐकू येतं, पण मी काही बोलले की "तू जेव गं" म्हणतात.

आणि पहिला नंबर 'चंदू आणि वेळूची होडी'! एकदम पहिला. सगळ्या गावाला वाटतं चंदू पुरात बुडाला. आणि तिन्हीसांजेला तो येतो, डोक्यापासून पायापर्यंत ओला, खांद्यावर वासरू. मला वाटलं आता आई रडणार. पण ती आधी त्याच्या पाठीत धपाटा घालते आणि म्हणते, "मेल्या, भात गार झाला!" आणि मग पदराने वासराला पुसते. चंदूला नाही, वासराला! चंदू म्हणतो, "आई, मीपण ओला आहे." तिथे मला हसू येतं आणि रडू येतं, दोन्ही एकदम. खरी आई अशीच असते, म्हणून मला हे पुस्तक आवडतं. ते पान मी पुन्हा पुन्हा मागितलं.

आजी बरी आहे. तुम्हाला म्हणते, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची
सानवी

०

मांजलपूर, बडोदे
२२ नोव्हेंबर २०२४

चि. सानू,

थैली पोचली. पुस्तकं बाजूला ठेवली आणि आधी तुझं पत्र काढलं. ते घेऊन गॅलरीत बसलो, चहा निवला, सूनबाई बोलल्या, तरी उठलो नाही. तुझं पत्र वाचताना मला माझा वर्ग दिसतो. दुपारची उन्हं बाकांवर आलेली, शेवटचा तास कवितेचा, आणि पन्नास पोरं एका सुरात कविता म्हणताहेत. बाहेरून जाणारा टपालवाला सायकल थांबवून ऐकायचा. आता त्या इमारतीत शिकवणीचे वर्ग चालतात, काचेचं दार आहे. मी परवा तिथून गेलो तर रखवालदाराने विचारलं, "काका, कोनुं काम छे?" काय सांगणार, कोणाचं काम आहे ते!

पत्राचा नियम माझा नाही बरं का, माझ्या वडिलांचा. नाना संस्थानच्या वाचनालय खात्यात होते. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या रवाना करायच्या, हे त्यांचं काम. पेटी परत आली की ते आधी पाहायचे, कोणी चार ओळी लिहून पाठवल्यात का. पुस्तक मुकं परत आलं तर नाना म्हणायचे, "हे उपाशी आलं."

भुताचं आणि साळुंकीचं तू फार छान लिहिलंस. पण चंदूशी आलो आणि मला लाल शाई काढावी लागली. सानूबाई, चंदू परत येत नाही. वासरू पुसणं, गार भात, धपाटा, हे सगळं तू गोड रचलंस, पण पुस्तकात त्यातला एक शब्द नाही. शेवटचं पान तू वाचलंच नाहीस, खरं ना? न वाचता कल्पनेने उत्तरं लिहिणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यातली दोनचार आज नामांकित वकील आहेत!

शिक्षा म्हणून नव्हे, पण माझ्या वर्गाचा शिरस्ता म्हणून सांगतो. ते पान मोठ्याने वाच आणि सुवाच्य अक्षरात उतरवून मला पाठव. वाचताना सरूताईला समोर बसव. तुझ्या आजीचे उच्चार आमच्या सगळ्या घरात स्वच्छ, ती चुका सांगेल. ते पान दुःखाचं आहे, पण घाबरू नकोस. माझ्या वर्गात ते वाचलं जायचं तेव्हा एकही मान वर होत नसे. असं दुःख ज्याने लहानपणी नीट वाचलं, त्याला पुढे दुसऱ्याचं दुःख वाचता येतं.

पुस्तक परत पाठवतो आहे. आमच्या घरातलीच जुनी प्रत आहे, पानं जपून उलट.

तुझा
मामाआजोबा

०

वाघोडिया
६ डिसेंबर २०२४

प्रिय मामाआजोबा,

तुम्ही सांगितलं तसं पान उतरवलं आहे. हे घ्या:

"पाणी ओसरले. वेळूची होडी बाभळीला अडकलेली सापडली. वासरू आपले आपण घरी आले. चंदू सापडला नाही. चंदूची आई अजून रोज संध्याकाळी घाटावर दिवा लावते."

पण मी खोटं लिहिलं नव्हतं. मी रचलं पण नव्हतं. आता खरं सांगते. पुस्तकं मी वाचत नव्हते, आजी वाचायची. मला मराठी वाचता येतं, पण हळू. शाळेतून आल्यावर जेवण झालं की आम्ही दोघी हिंचक्यावर झोके घेत बसायचो आणि ती वाचायची. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली होती, कारण तुम्ही म्हणाल, "मुलीला स्वतः वाचू दे." चंदूच्या शेवटी आजी जे वाचायची तेच मी तुम्हाला लिहिलं. ती पुस्तकात बघूनच वाचायची! मला कसं कळणार?

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसून मोठ्याने वाचलं. "चंदू सापडला नाही" इथे आले आणि तिचे हात थांबले. मी म्हटलं, "आजी, तू चुकीचं वाचत होतीस! मामाआजोबांनी पकडलं!" मी हसत म्हणाले. मला वाटलं तीपण हसेल. ती म्हणाली, "पुरे," आणि आत गेली. शेंगा तशाच राहिल्या, मग आईने सोलल्या.

दुसऱ्या दिवशी मी हिंचक्यावर जाऊन बसले. आजी म्हणाली, "माझे डोळे दुखतात, आता तू मोठी झालीस, तूच वाच." तेव्हापासून ती वाचतच नाही. 'साळुंकी' पण नाही, 'भूत' पण नाही. डोळे दुखत नाहीत, मामाआजोबा. सुईत दोरा ती स्वतः ओवते. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून झोपते आणि झोपलेली नसते.

मी एकटीने वाचून पाहिलं. अक्षरं वाचली जातात पण गोष्ट होत नाही.

मी काय चूक केली? आजीला सांगा ना परत वाचायला. तुम्ही तिचे भाऊ आहात, तुमचं ती ऐकेल.

सानवी

०

मांजलपूर, बडोदे
१३ डिसेंबर २०२४

ति. सरूताई,

तुला पत्र लिहून किती काळ झाला! एका तासाच्या वाटेवर राहतो आणि तुझ्या सलीलच्या तोंडून एकमेकांची खुशाली घेतो. म्हातारपण म्हणतात ते हेच असावं.

ताई, पोर कावरीबावरी झाली आहे. तू वाचत नाहीस, तिला वाटतं तिचंच काहीतरी चुकलं. मला हसू आलं, आणि तुझा जुना स्वभावही आठवला. लंगडी खेळताना पाय टेकला आणि कोणी पाहिलं, की तू खेळच सोडून द्यायचीस. आता पुस्तकात पाय टेकला, भावाने पाहिला, म्हणून रुसलीस!

तू नातीसाठी शेवट गोड केलास, त्यात माया आहे, मी समजतो. पण एक जुना मास्तर म्हणून बोलू? मुलांपासून दुःख लपवू नये. लिहिणाऱ्याने विचार करून चंदूला नदीत ठेवलं, आपण त्याला ओढून घरी आणणारे कोण? असो, माझं हे नेहमीचंच.

रुसवा सोड आणि हिंचक्यावर बस. हवं तर दोन्ही शेवट वाच, एक पुस्तकातला, एक तुझा.

तुझा
रमू

०

वाघोडिया
२७ डिसेंबर २०२४

रमू,

तू मास्तर तो मास्तरच राहिलास. रुसायला मी काय दहा वर्षांची आहे?

तुला माहीत नाही ते सांगते. आपला धाकटा विश्वंभर तापाने पडला तेव्हा तुला अमरेलीला मामांकडे पाठवून दिलं होतं. मुदतीचा ताप, घरात दुसरं लहान मूल नको म्हणून. तू परत आलास तेव्हा सगळं आवरलेलं होतं. मधलं तू पाहिलंच नाहीस.

विशूला तेच पुस्तक लागायचं. नानांनी आणून दिलेलं, हेच, आत्ता थैलीतून आलं ते. आई कामात, म्हणून त्याच्याजवळ मी. सारखं चंदू आणि चंदू. मी शेवटच्या पानाशी यायची आणि पुस्तक मिटायची. म्हणायची, उद्या. एक दिवस तो म्हणाला, "ताई, आज संपव." मी पान पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. गळा एवढासा झालेला त्याचा. जे तोंडाला आलं ते वाचलं. भात म्हण, धपाटा म्हण, वासरू म्हण. सगळं त्याच क्षणाला सुचलं, आपली आई जशी होती तशी घातली गोष्टीत. तो हसला. म्हणाला, "वासरालाच पुसते होय!" त्यानंतर तो फारसा बोलला नाही, आणि मग गेलाच.

त्या पुस्तकाचा मला तोच शेवट. सलीलला तसाच वाचला, सानवीलाही तसाच. छापलेलं पान मी पुन्हा कधी डोळ्यांखालून घातलं नाही. नजर पानावर ठेवायची आणि आपलं म्हणायचं.

आणि त्या दिवशी पोर समोर बसली आणि अगदी त्याच्यासारख्या आवाजात वाचायला लागली, चंदू सापडला नाही. रमू, मला वाटलं विशूलाच कोणीतरी सांगून टाकलं. जन्मभर त्याच्यापासून लपवलं होतं मी. म्हणून उठले.

पोरीवर राग नाही. तिला यातलं काही सांगू नकोस, उगीच जिवाला लावून घेईल. तुझ्यावरही राग नाही. पण आता पुस्तक हातात घेतलं की शब्द येत नाहीत, काय करू? तिचं तोंड बघवत नाही दुपारी. विशूला पाहिलेलं माणूस आता तू एकटाच उरलास. तू समोर बसलास तर कदाचित वाचेन.

तू एकदा ये. पत्र नको, ये. पत्रं तू सुरेख लिहितोस, त्याचाच मला कंटाळा आहे.

सरू

०

मांजलपूर, बडोदे
३ जानेवारी २०२५

ति. सरूताई,

तुझं पत्र आल्यापासून उशाशी आहे. उत्तर चारदा लिहिलं आणि फाडलं.

मी अमरेलीहून परत आलो तो दिवस मला दिसतो. मामांनी टांग्यातून उतरवलं. माझ्या चड्डीच्या खिशात विशूसाठी लाखेचा भोवरा होता, हिरवा, वर पिवळी रेघ. घरात शिरलो. मी आईला म्हटलं, हा विशूला द्यायचाय. आईने भोवरा घेतला, "ठेवते" म्हणाली आणि पदराला बांधला. मला जेवायला वाढलं. तू चुलीपाशी बसली होतीस. मी विचारलं, विशू कुठे? तू म्हणालीस, "जेव आधी." म्हणजे तू मलाही ते पान वाचून दाखवलं नाहीसच, ताई.

त्या वर्षी शाळेत एक कविता होती, सांजवेळी घराकडे परतणाऱ्या गाईगुरांची. गुरुजी चाल लावून म्हणायला लागले की मी बाकाखाली डोकं घालायचो. गुरुजींना वाटायचं, पोरगं पेन्सिल शोधतंय. कवितेचं माझं वेड तिथून सुरू झालं असेल का? रडायची तेवढीच एक जागा होती, आणि तिथे रडलं तर कोणी काही विचारत नसे. पुढे जन्मभर मी दुसऱ्यांच्या मुलांना त्याच कविता शिकवल्या, शेवटची कडवी पाठ करून घेतली, आणि घरातलंच एक शेवटचं कडवं मला ठाऊक नव्हतं.

मी येतो, ताई. नक्की येतो. गुडघा थंडीत फार धरतो आहे, आणि उत्तरायण तोंडावर आलंय. रस्त्यावर मांजा लोंबतो, सलील स्कूटरवर मागे बसवायला तयार नाही, आणि बसच्या पायऱ्या मला चढवत नाहीत. पतंग उतरले की येतो, तिळगूळ घेऊनच येतो. तू वाच, मी समोर बसून ऐकेन. एक चूक काढणार नाही. गार भात, धपाटा, वासरू, सगळं मला तुझ्या आवाजात ऐकायचं आहे.

तोवर पोरीला जवळ घे. हिंचक्यावर नुसती बस तिच्याशेजारी.

तुझा
रमू

०

वाघोडिया
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामाआजोबा,

तेराव्याला तुम्ही आला होतात तेव्हा घर भरलेलं होतं, मला काही सांगता आलं नाही. तुम्ही आजीच्या फोटोसमोर तिळगुळाचा डबा ठेवलात आणि तो परत उचलायचं कोणाला सुचेना. शेवटी आईने आत नेला.

उत्तरायणानंतर आजीला दम लागायला लागला. दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या. बाहेर गाडी वाजली की ती विचारायची, "रमू आला का?" बाबा सांगायचा, "येणार आहेत, थंडी कमी होऊ दे." ती म्हणायची, "हो, हो, त्याचा गुडघा."

एका दुपारी तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "चंदू आण." मला इतका आनंद झाला! मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते उघडलं, थोडा वेळ धरलं आणि मला परत दिलं. "तूच वाच." मी वाचलं. आता मला भराभर वाचता येतं. शेवटच्या पानाशी आले आणि पुस्तक मिटलं. म्हटलं, "आजी, बाकीचं उद्या." ती माझ्याकडे किती वेळ बघत राहिली. म्हणाली, "नको गं. आज संपव."

मी तिचा शेवट सुरू केला. "तिन्हीसांजेला चंदू आला," म्हटलं. आजीने माझ्या हातावर हात ठेवला. "असं नाही. छापलंय तसं वाच." मी म्हटलं, "तुला आवडत नाही ना?" ती म्हणाली, "वाच तू."

मी वाचलं. या वेळी ती उठली नाही. उठताच येत नव्हतं म्हणा. सगळं ऐकलं आणि मग विचारलं, "रोज दिवा लावते?"

"हो. रोज."

"पावसात?"

"ते लिहिलेलं नाही."

"लावत असेल," आजी म्हणाली. मग म्हणाली, "जा, मिताली आली असेल, खेळ जा." मी गेले. जायला नको होतं. पुढे ती बोलली, पण माझ्याशी असं नाही.

मामाआजोबा, आजीने शेवट का बदलला होता? तुम्हाला ठाऊक आहे का? मी आईला विचारलं, तिला माहीत नाही. बाबा म्हणतो, तो लहान असताना पण आजी तसंच वाचायची आणि तो मोठा होईपर्यंत चंदू जिवंतच होता.

चंदूचं पुस्तक मी परत पाठवत नाही, चालेल? आणि थोडे दिवस दुसरी पुस्तकं पाठवू नका. दुपारी मी आता ट्यूशन लावली आहे. घरी बसवत नाही.

सानवी

०

मांजलपूर, बडोदे
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सानू,

पुस्तक तुझंच आहे. परत पाठवायचं नाही, आणि त्याच्याबद्दल लिहायचंही नाही. कोणी विचारलं, का आवडतं, तर सांगू नकोस.

तू ट्यूशनला जा. पुस्तकं इथे कपाटात आहेत. ती कुठे जात नाहीत. वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको.

आजीने शेवट का बदलला ते मला ठाऊक आहे. तिने मला लिहिलं होतं, आणि तुला सांगू नकोस असंही लिहिलं होतं. तिचं एवढं तरी ऐकतो. फक्त एक लक्षात ठेव. तू वाचलंस त्यात तुझं काही चुकलं नाही. तिने तुझ्याकडून ऐकून घेतलं, ते दुसऱ्या कोणाकडून तिने ऐकलं नसतं. माझ्याकडूनही नाही.

तिने मला 'ये' म्हटलं होतं, सानू. मी पत्र लिहिलं. चांगलं झालं होतं ते पत्र, दोनदा उतरवून काढलं होतं.

लहानपणी संध्याकाळी दिवा लागला की नाना आम्हाला कविता म्हणायला बसवत. एक ओळ सरूताईची, एक माझी, अशी आळीपाळीने. ती घाईची, माझी ओळ संपायच्या आत तिची सुरू व्हायची आणि आमचं भांडण जुंपायचं. काल आंघोळ करताना तीच कविता तोंडात आली. माझी ओळ म्हटली आणि थांबलो. पुढची मला येते, तशी सगळीच पाठ आहे. पाणी निवेपर्यंत तसाच बसून राहिलो. पुढची ओळ तिची होती.

तुझा
मामाआजोबा